बाबांना सांग

"तुमचा मुलगा कुणाला मारत नाही," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "एकदा मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलंय मला."

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. शाळेतून फोन आल्यापासून डोक्यात काय काय येऊन गेलं होतं. पडला असेल, दात तुटला असेल, कुणी जिन्यात ढकललं असेल. आपलंच पोर दुसऱ्या कुणाचं काही करून बसलं असेल, हे मात्र आलं नव्हतं.

बाईंनी सांगितलं ते असं. माझ्या मुलाच्या वर्गात, दुसरीत, खिडकीजवळ एक मुलगा बसतो. त्याची आई नर्स आहे. चित्रकलेच्या तासाला त्याच्या कोपराचा धक्का लागून रंगाचं पाणी माझ्या मुलाच्या चित्रावर सांडलं. माझा मुलगा रडला नाही, भांडला नाही, बाईंकडे तक्रारही घेऊन गेला नाही. कागद उभा धरून त्याने पाणी निथळू दिलं, आणि मधल्या सुट्टीत वर्गाला सांगितलं की आजपासून या मुलाशी कुणी बोलायचं नाही.

"लहान मुलं घेतात हो कट्टी," मी म्हणाले.

"कट्टी डबा खाईपर्यंत टिकते. आणि कट्टीला नियम नसतात. याला आहेत."

त्याच्याकडे बघायचं नाही. त्याने काही विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. अगदीच अडलं, तर पहिल्या बाकावरच्या एका बारक्या मुलाला मधे घालायचं. त्या बारक्याचं नाव वर्गाने पोपट ठेवलं होतं. 'पोपट, त्याला सांग रबर दे.' रबर मागणारा आणि रबरवाला एकाच बाकावर. पोपट आपली जागा सोडून यायचा, निरोप सांगायचा, उत्तर घ्यायचा, दुसऱ्याला सांगायचा आणि परत जाऊन बसायचा.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. "तुम्ही कुठे होता हे सगळं होताना?"

"फळ्याकडे तोंड करून," बाई म्हणाल्या. "वर्ग शांत होता. शांत वर्गाकडे कोण वळून बघतं? परवा त्या मुलाला लघवीला जायचं होतं. तो बाकावर आतल्या बाजूला. शेजारचा उठेना. पोपट त्या दिवशी आला नव्हता."

पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

नर्सबाई मुलाला शाळेतूनच काढायला निघाल्या होत्या. मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं की जायचंच तर त्याने का जावं? सोमवारपर्यंत हे मिटलं नाही, तर माझ्या मुलाला दुसऱ्या तुकडीत बसवणार.

"पण वर्ग बदलून काय होणार?" बाई म्हणाल्या. "तिथेही एखादा पोपट सापडेल त्याला. हे असलं याने कुठे बघितलं, काही कल्पना?"

मी पर्स उघडली, बंद केली. पोपटाचं नाव निघालं त्याच क्षणी मला कळलं होतं.

*

घराला लागूनच आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावरच्या काचा. माझा नवरा आणि माझे मोठे दीर, दोघे मिळून चालवतात. माझा मुलगा बालवाडीत होता तेव्हा एका शिंप्याच्या दुकानाचा उंच आरसा दोन बोटं आखूड कापला गेला. माप कुणी चुकवलं यावरून दोघांचं वाजलं. दीर म्हणाले, तू घेतलंस. नवरा म्हणाला, तू लिहिलंस. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शिंपी नवा आरसा लावून मोकळा झाला. हे दोघे अजून त्या जुन्या आरशातच अडकलेत.

बरं, दुकान बंद नाही. तेच टेबल, तीच दोन माणसं. एक काच आखतो, दुसरा कापतो. कामापुरतं बोलावं तर लागतंच. सुरुवातीला मधे कामावरचा माणूस होता. तो कंटाळून सोडून गेला. म्हणाला, काचेचं ओझं उचलीन, तुमचं नाही. मग शाळेतून आल्यावर दुकानात खेळणारं माझं पोर मधे आलं. काचेच्या कडा घासायचं मशीन सुरू असलं तरी याचा आवाज पलीकडे पोचतो, म्हणून दिरांनी त्याचं नाव ठेवलं भोपू. सगळ्यांना गंमत वाटली. 'भोपू, बाबांना सांग, जाड काच संपली.' 'भोपू, मोठ्या काकांना विचार, मापाची पट्टी कुठे ठेवली.' बाबा आणि मोठे काका टेबलाच्या दोन बाजूंना. मधे माझं पोर, मान इकडून तिकडे. गिऱ्हाइकं हसायची. काय चुणचुणीत मुलगा आहे म्हणायची.

मी कितीदा बोलले. सासूबाईंचं एकच पालुपद: "आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलत नाही बाई. आवाज म्हणून चढत नाही. तुला त्याचीही अडचण."

हात उचलत नाहीत, हे खरं. आमच्या घरात माणूस रागावला की समोरच्याला नुसता पुसून टाकतो.

*

शाळेतून घरी चालत निघालो. रस्त्याच्या कडेला गटाराचं काम चाललं होतं, म्हणून मी त्याचा हात घट्ट धरला होता. त्याला बोटं दुखत असणार.

"तू त्या मुलावर एवढा का रागावलायस?"

"मी रागावलो नाहीये," तो शांतपणे म्हणाला. "आमचा अबोला आहे."

"कधीपर्यंत?"

"तो येईपर्यंत."

"येऊन काय करायचं त्याने?"

"ते त्याचं त्याला कळलं पाहिजे."

मी रस्त्यातच थांबले. शब्द माझ्या नवऱ्याचे होते. नुसते शब्द नाहीत, ते बोलताना हनुवटी जराशी वर करणंसुद्धा. आठ वर्षांचं पोर, पुढचे दोन दात नाहीत, आणि बोलतंय पन्नाशीच्या माणसासारखं.

"त्याने चड्डीत केली, माहितीये ना तुला?"

आता मात्र त्याने खाली बघितलं. बुटाने एक खडा ढकलला. "पोपट आला नव्हता," तो म्हणाला. "त्याला मी काय करू?"

त्या क्षणी मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. आमच्या घरात कुणी हात उचलत नाही ना.

*

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो काच पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"मारलं तर नाही ना?"

"नाही."

"शिव्या?"

"नाही."

"मग झालं. शाळांना हल्ली काहीही पुरतं."

"अहो, एका मुलाला सगळ्या वर्गाने वाळीत टाकलंय. आपल्या मुलाने टाकायला लावलंय. हे तो तुमच्याकडून शिकला. तुमच्या दोघांकडून."

टेबलाच्या पलीकडे दीर काचेवर खडूने रेघ मारत होते. रेघ मधेच थांबली आणि पुन्हा पुढे गेली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आमचं वेगळं आहे," नवरा म्हणाला.

"काय वेगळं आहे?"

"आमचं कारण आहे."

"त्याचंही कारण आहे. त्याचं चित्र भिजलं."

नवऱ्याने फडकं टेबलावर ठेवलं, चार घड्या घालून, आणि आत गेला. मी ओळखलं. आता माझी पाळी. आता मी जाऊन काहीतरी म्हणेपर्यंत मी या घरात नव्हते. काय म्हणायचं, ते माझं मला कळायला हवं होतं.

नाही म्हणायचं काही, मी ठरवलं. आज नाहीच. बघू कोण किती ताणतं.

रात्री जेवायला बसलो. नवरा मान खाली घालून जेवत होता. मी मान वर करून जेवत होते, आमच्यात तेवढाच फरक. त्याचं ताट रिकामं झालेलं दिसलं. वाढायचा डाव माझ्या हातात होता. डोक्यात अजून त्या घड्या घातलेल्या फडक्याचाच राग, आणि तोंडातून निघून गेलं:

"बाबांना विचार, आणखी वाढू का?"

माझं पोर लगेच उठलं. अर्धा घास तोंडात होता तो त्याने घाईने गिळला, चड्डीला हात पुसले, टेबलाला वळसा घालून बापाच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला. "बाबा, आई विचारते, आणखी वाढू का?" बापाने मान हलवली. तो वळसा घालून परत आला. "नको म्हणतात." आणि मग पुढच्या निरोपाची वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं. तेच मला सहन होईना. तो खूश होता. आईबाप रुसलेले, घर कोंदटलेलं, आणि पोराला काम मिळालेलं. दिवसभरात या घरात त्याच्याशी कुणी नीट बोलतं ते तेव्हाच. अबोला सुटला तर त्याला कोण विचारणार? म्हणून वर्गातही त्याने तेच घर मांडलं. फक्त तिथे निरोप्याची जागा पोपटाला दिली आणि स्वतः बाप झाला.

डाव माझ्या हातातच राहिला होता. तो मी भांड्यात टाकला तो जरा जोरात. सासूबाई म्हणाल्या, "हळू गं."

"बस," मी पोराला म्हटलं. "जेव तुझं." मग नवऱ्याकडे वळले. "मी तुमच्याशी बोलतेय. तुमच्याशी. मला राग आलाय. तुम्हाला वाढायचं असेल तर तोंडाने सांगा, नसेल तर ताट उचला. यापुढे या पोराच्या तोंडून मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही, आणि दुकानातही ते चालू देणार नाही."

नवऱ्याने ताट उचललं.

*

दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळेला सुट्टी. एका दवाखान्याच्या दर्शनी भिंतीची काच कापायची होती. दुकानात आजवर आलेल्यांतली ती सगळ्यांत मोठी असेल. मी घरातलं आवरून दुकानात गेले तेव्हा दोघांनी ती लाकडी घोडीवरून काढून जमिनीवरच्या फळ्यांवर उभी केलेली होती. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला दीर, हातांत चामडी हातमोजे. अशी काच दोघांनी एका दमात उचलायची असते. एक पुढे आणि एक मागे झाला की ती मधे पिळवटते आणि तडकते. म्हणून कुणीतरी एकाने शब्द द्यावा लागतो.

तो शब्द माझं पोर द्यायचं. काचेच्या मधोमध, हाताच्या अंतरावर उभं राहून, दोघांच्या माना हललेल्या बघायचं आणि ओरडायचं, 'उचला'.

ते तिथेच उभं होतं. पायात चपला. तोंड उघडायच्या तयारीत.

मी गेले, त्याचं बखोट धरलं आणि त्याला ओढत दाराशी आणलं.

"आई, काच."

"तू नाही सांगायचं."

"मग कोण सांगणार?"

"ज्यांची काच आहे ते."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. उचलायच्या बेताने काच जराशी कलती केलेली, दोघांच्या तळव्यांवर भार. पुन्हा सरळ करायची तरी दोघांनी एकदम, आणि त्यालाही शब्द हवाच.

"सोड त्याला," नवरा म्हणाला. बोलला एकदाचा, तेही हे. "काच आहे हातात, दिसत नाही का?"

"दिसते. काचेपलीकडे तुमचा भाऊही दिसतो. काच आरपार असते. त्यांना सांगा."

"वेळ काय, तू करतेस काय?"

"तुमच्या भांडणात एक पोर रोज या काचेखाली उभं करताय, ते काय करताय? याच आठवड्यात एका बाईचं लेकरू वर्गातून ओल्या चड्डीने घरी गेलं. का, तर मधला माणूस आला नव्हता. आज इथेही मधला माणूस आलेला नाही. बघू तुम्हाला कसं जमतं."

दिरांच्या दंडाची शीर फुगलेली दिसत होती. नवऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत गेला, त्याला पुसता येईना. पोर माझ्या हाताला झटके देत होतं. त्याला ओरडायचं होतं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. काच फुटली असती, कुणाचा पंजा चिरला असता, तर जन्मभर ते माझ्याच नावावर राहिलं असतं. तरी मी हात काढला नाही.

काचेचं नवऱ्याकडचं टोक सरकलं. फळीवर कर्र आवाज झाला.

"अरे गाढवा," दीर म्हणाले, "खालून धर."

नवऱ्याने गुडघे वाकवून हात खाली सरकवले.

"धरलंय खालून," नवरा म्हणाला. "तू तुझं टोक बघ."

"माझं बघतोय म्हणून तुझे पाय शाबूत आहेत. उचल आता."

उचलली. चार पावलं चालत नेली, टेबलावर आडवी केली. जाड कापडावर काच टेकली, आणि हात मोकळे होताच नवरा म्हणाला, "माप तू लिहिलं होतंस."

"तू चुकीचं सांगितलंस म्हणून चुकीचं लिहिलं."

"मी बरोबर सांगितलं होतं."

"मग माझे कान फुटले होते का?"

सासूबाई आतून धावत आल्या. दोघांचे आवाज इतके चढले होते की समोरचा न्हावी दारात येऊन उभा राहिला, हातात वस्तरा तसाच. आखूड आरसा, शिंपी, बापाने कुणाला काय शिकवलं होतं आणि कुणी कधी शिकलंच नाही, सगळं निघालं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "झालं समाधान?"

"अजून नाही," मी म्हणाले.

माझ्या हाताखाली पोराचं तोंड ओलं लागलं. तो रडत होता.

"ते भांडतायत," तो म्हणाला.

"हो."

"अबोला संपला?"

"संपला. आता भांडण सुरू झालं."

"मग मी काय करू?"

मी त्याला उचलून घेतलं. जड झालाय आता, पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात. दुपारी दीर आमच्या घरात आले, दारातच उभे राहिले आणि थेट पोराला म्हणाले, "भोपू, तुझं ते भिजलेलं चित्र कुठाय? बघू दे मला." कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, स्वतःला बघायचं म्हणून मागितलं. पोराने चित्र आणलं. घर होतं, वर पाणी पसरून निळं झालेलं. दीरांनी ते उजेडाशी नेऊन बघितलं. भावाविषयी एक अक्षर बोलले नाहीत. सगळं एका दिवसात विरघळत नाही. संध्याकाळी दोघे पुन्हा घुम्यासारखे काम करत होते. पण पट्टी हवी होती तेव्हा नवऱ्याने पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पट्टी." दिरांनी टेबलावरून पट्टी सरकवली.

*

सोमवारी नर्सबाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. कामावरच्या पांढऱ्या कपड्यांत, डोळ्यांखाली काळं, रात्रपाळी करून थेट आलेल्या. त्यांचा मुलगा त्यांना चिकटून. त्याच्या पँटला कडक इस्त्री होती.

"तुमच्या मुलाला सांगून ठेवा," त्या मला म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या वाटेला जायचं नाही."

"तो इथे उभा आहे," मी म्हणाले. "तुम्हीच सांगा. रागावून सांगा. मी मधे बोलणार नाही."

त्यांना वाटलं असावं मी उद्धटपणा करतेय. मग वाकल्या आणि माझ्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "माझा मुलगा चार रात्री झाल्या झोपेत बोलतो. दिवसा कुणी बोलू देत नाही म्हणून. हे तू केलंस. मला तुझा खूप राग आलाय. कळलं?"

माझं पोर पांढरंफटक पडलं. असं थेट त्याला कुणी रागावलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाच्या गजाकडे पाहत राहिले.

"कळलं," तो म्हणाला.

नर्सबाईंच्या मुलाने दप्तर खांद्यावर घेतलं आणि कुणाकडे न बघता वर्गाकडे चालू लागला. पोपट बाजूने येत होता. तो सवयीने थांबला, निरोप आहे का बघायला. माझ्या मुलाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझा पदर ओढला.

"आई, त्याला विचार ना—"

"तूच विचार."

"तो नाही ऐकणार."

"न ऐकू दे. तू विचार."

तो उभा राहिला. बुटाने जमीन उकरली. तो मुलगा पायऱ्या चढून व्हरांड्याच्या टोकाला पोचलेला. मग माझं पोर धावलं, निम्म्यात थांबलं आणि काचेच्या मशीनवर आवाज चढवायची सवय लागलेल्या त्या गळ्यातून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडलं, "पाणी तू मुद्दाम सांडलंस का?"

सगळी मुलं वळून बघायला लागली. पोपटाचं तोंड उघडंच राहिलं.

तो मुलगा थांबला. चटकन वळला नाही. वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, आणि तोही रागावलेला होता, बघून बरं वाटावं इतका रागावलेला.

"ओरडतोस कशाला?" तो म्हणाला. "मला ऐकू येतं."